तुम्हाला हे कसं माहीत?

तुमचा प्रश्न दोन दिवस मनात घोळत होता. तुम्ही लिहिलंय की वय ३१, हातात दोन पदव्या, नोकरीही बरी चाललीय. पण चारचौघांत एखाद्या विषयावर बोलणं निघालं की आतून पोकळ वाटतं. कुठेतरी वाचलेलं एखादं वाक्य पुढे करता आणि कोणी खोलात विचारलं की विषय बदलता. घरी वडील दहावीच्या पुढे शिकले नाहीत, तरी अडल्यानडल्या वेळी लोक त्यांच्याकडे सल्ल्याला येतात. म्हणून तुम्ही विचारताय: खरा सुशिक्षित माणूस कशावरून ओळखायचा, त्याच्या सवयी कोणत्या, काय काय वाचू, आणि आता उशीर तर झाला नाही ना?

मी ३३ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं बाहेरचा परीक्षक म्हणून प्रात्यक्षिक परीक्षा घेतल्या. तोंडी परीक्षेत समोरचं मूल किती शिकलंय आणि त्याने किती पाठ केलंय, हे पाच मिनिटांत दिसतं. पुढे जे लिहितोय ते त्या पाच-पाच मिनिटांतून जमा झालेलं आहे.

आधी तुमची अडचण मला कशी दिसते ते सांगतो. तुम्ही पुस्तकांची यादी मागितली आहे, पण पुस्तकं कमी पडली म्हणून असं होत असेल असं मला वाटत नाही. दोन पदव्या मिळवणाऱ्याकडे माहिती भरपूर असते. तुम्ही विषय बदलता तो क्षण बघा. त्या क्षणी तुमच्या लक्षात येतं की हे वाक्य आपण म्हणालो खरं, पण ते कशाच्या आधारावर उभं आहे हे आपल्याला ठाऊक नाही. वाक्य उसनं होतं आणि उसनवारीची नोंद ठेवलेली नव्हती. ते पोकळ वाटणं तिथून येतं. मला विचाराल तर ते वाटणं चांगलं लक्षण आहे. अनेकांना तेही वाटत नाही.

माझ्या लेखी सुशिक्षित माणूस म्हणजे ज्याला आपल्या माहितीचा हिशेब देता येतो: हे मी स्वतः पाहिलं, हे पडताळून घेतलं, हे जाणकारांवर विश्वास ठेवून मानतो, आणि हे मला ठाऊक नाही. या हिशेबाप्रमाणे तो वागतोही. बाकीच्या सवयी, म्हणजे वाचन, ऐकणं, नेमकं बोलणं, या सगळ्या मला यातूनच फुटलेल्या फांद्या वाटतात.

हे मी एका विद्यार्थिनीकडून शिकलो, आणि तिच्यावर अन्याय करून शिकलो. परीक्षक म्हणून माझी ती सुरुवातीची वर्षं. साध्या लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा, लंबकाची लांबी मोजायची आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं, ९.८. त्यामुळे बरीच मुलं उत्तरावरून उलटं गणित करतात आणि रीडिंग बनवतात. त्या दिवशी जवळजवळ सगळ्यांची उत्तरं ९.७८ ते ९.८२ च्या मध्ये होती. एका मुलीचं ९.५ आलं होतं. तिने ते तसंच ठेवलं होतं आणि पानाच्या तळाशी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: लांबी गाठीपर्यंतच मोजली, हुक आणि गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली, अंदाजे दीड सेंटिमीटर, वेळ संपल्याने पुन्हा करता आलं नाही.

मी घाईत होतो. उत्तर चुकलं म्हणून तिचे गुण कापले आणि ९.८ वाल्यांना पूर्ण दिले. तिची मोजलेली लांबी, ४८.५ सेंटिमीटर, का कोण जाणे डोक्यात राहिली होती. रात्री सहज कागद घेतला. त्यात दीड मिळवले की लांबी ५० होते आणि ९.५ चं उत्तर ९.८ च्या जवळ येऊन बसतं. तिने चूक कुठे झाली, किती झाली आणि कोणत्या बाजूला झाली, हे तिन्ही अचूक सांगितलं होतं. गुणांचा तक्ता तोवर गेला होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं पत्र देता आलं असतं, पण परीक्षकच चुकला असं दिसेल या भीतीने मी ते दिलं नाही. ही गोष्ट मला आजही बोचते. शिक्षण त्या खोलीत त्या दिवशी एकाच पानावर होतं, आणि तेच मी कापलं.

त्यानंतर मी तोंडी परीक्षेत मुख्यतः एकच प्रश्न विचारू लागलो: "तुला हे कसं माहीत?" आधी मुलं गोंधळतात. "पुस्तकात आहे" म्हणतात. मग मी विचारतो, पुस्तकवाल्याला कसं कळलं असेल? तिथून पुढे जो विचार करायला लागतो, त्याला उत्तर आलं नाही तरी चालतं. उत्तर येत नसतानाही ते कसं शोधता येईल हे सांगणारी मुलं मला फार थोडी भेटली, पण त्यांची नावं आजही आठवतात.

पदवी हे का देत नाही, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. परीक्षेत प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो, उत्तर एकच असतं आणि ते कोणाकडे तरी तयार असतं. आयुष्यात यातलं काहीच नसतं. त्यात पदवीमुळे आणखी एक होतं: माणसाला पणाला लावायला प्रतिष्ठा मिळते. व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहाची १८४७ ची हकिकत मी दरवर्षी वर्गात सांगत असे. तिथे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी प्रसूती करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतपणानंतरच्या तापाने मरणाऱ्या बायकांचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. इग्नाझ सेमेलवाइस हा तिथला तरुण डॉक्टर या कोड्यामागे लागला होता. शवविच्छेदन करताना सुरीची जखम होऊन त्याचा एक सहकारी वारला. त्याच्या शरीरातली लक्षणं त्या बायकांसारखीच निघाली, तेव्हा सेमेलवाइसला उमगलं की शवांवर काम केलेले हातच प्रसूतीला लागतायत. मेच्या मध्यापासून त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होतं, जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आलं.

इतका ढळढळीत आकडा समोर असूनही त्या काळच्या अनेक नामांकित वैद्यांनी ते मानलं नाही. मानायचं तर रोग आपल्याच हातांनी पसरला हे मानावं लागलं असतं. पुस्तकी विद्येत ते कुणाहून कमी नव्हते, पण स्वतःच्या विरुद्धचा पुरावा आत घ्यायची त्यांना सवय नव्हती. मात्र ही गोष्ट इथेच सोडली तर अर्धीच राहते. सेमेलवाइसनेही आपलं म्हणणं नीट, सविस्तर मांडायला फार वेळ लावला. त्याचा ग्रंथ निघाला तो थेट १८६१ मध्ये. पुढे तर त्याने विरोधकांना खुनी ठरवणारी जाहीर पत्रं लिहिली. तो बरोबर होता, तरी समोरच्याला पटेल अशा रीतीने सांगणं त्याला साधलं नाही, आणि त्याची किंमत बायकांनी मोजली. म्हणून बरोबर असणं आणि ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवणं या दोन्ही गोष्टी मी शिक्षणातच धरतो.

आता सवयींकडे येतो. पहिली आणि सगळ्यांत अवघड सवय म्हणजे आपलं म्हणणं खोटं ठरेल अशी जागा मुद्दाम शोधणं. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये केलेला एक प्रयोग मी वर्गात अनेकदा केलाय, तुम्ही मित्रांत करून बघा. सांगायचं: माझ्या मनात तीन आकड्यांविषयी एक नियम आहे आणि २, ४, ६ हे त्यात बसतात. तुम्ही आणखी तीन-तीन आकडे सांगा, मी फक्त बसतात की नाही ते सांगेन. खात्री पटली की नियम सांगा. बहुतेक जण ८, १०, १२ म्हणतात. बसतं. मग २०, २२, २४. बसतं. लगेच मोठ्या विश्वासाने सांगतात, दोन-दोनने वाढणारे आकडे. नियम असतो फक्त चढते आकडे. १, २, ३ किंवा ५, १७, ९० असं विचारून बघायचं कोणाच्या मनातही येत नाही, कारण सगळे जण आपल्याला "हो" मिळेल असेच आकडे विचारत असतात. हा खेळ झाल्यावर वर्गात जी शांतता पसरते तिची मी वाट बघायचो.

चार्ल्स डार्विनने यावर स्वतःपुरता उपाय शोधला होता. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात आली, दिसली किंवा सुचली की तो ती तिथल्या तिथे लिहून ठेवायचा. अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, हे त्याला अनुभवाने कळलं होतं. खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस केप्लरचंही तसंच. मंगळाच्या कक्षेचं त्याने घाम गाळून केलेलं गणित टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाच्या निरीक्षणांशी फक्त ८ कलांनी जुळेना. एका अंशाच्या ६० कला होतात; म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागाएवढा फरक. दुसऱ्या कोणी तो पोटात घातला असता. केप्लरने ते गणित बाजूला ठेवलं आणि पुढे १६०९ मध्ये कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं मांडलं. माझ्या विद्यार्थिनीचं ९.५ मला याच जातीचं वाटतं.

दुसरी सवय, आपल्याला समजलंय असं वाटणाऱ्या गोष्टी कागदावर उतरवून बघणं. आत्ता, न बघता, सायकलचं चित्र काढा: चौकट, पॅडल, साखळी, दोन चाकं. साखळी कुठून कुठे जाते? रोज सायकल डोळ्यांसमोर असणारी माणसंही साखळी दोन्ही चाकांना गुंडाळतात किंवा पुढचं चाक चौकटीला असं घट्ट जोडतात की ते वळणारच नाही. रोझेनब्लिट आणि काइल या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं की झिपसारख्या रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती कळतं, याचा आपला अंदाज फुगलेला असतो आणि पायरीपायरीने समजावून सांगायला लावलं की तो आपोआप खाली येतो. ऑफिसात ज्या विषयावर बोलायचं असेल, तो आदल्या रात्री दहा ओळींत लिहून बघा. चौथ्या ओळीला अडलात तर काय वाचायचं ते तुम्हाला कळलं. पुस्तकांची यादी अशी, आपल्या अडण्यातून बनवायची असते. म्हणून मी ती तुम्हाला देत नाहीये.

वाचनाबद्दल थोडंच सांगतो. एक प्रकरण झालं की पुस्तक मिटा आणि काय वाचलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा. २००६ मधला एक गाजलेला प्रयोग आहे: ज्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला त्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे गेले ते न बघता आठवून लिहिणारेच. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळख म्हणजेच समज, असा आपला गैरसमज होतो. पुस्तकं कमी वाचलीत तरी चालेल.

ऐकणं मात्र वाचनाहून कठीण. माझी एक कसोटी आहे. वाद घालण्याआधी समोरच्याचं म्हणणं मी त्यालाच सांगतो आणि विचारतो, "तुम्हाला हेच म्हणायचंय ना?" तो "अगदी हेच" म्हणेपर्यंत माझं मत मांडत नाही. सुरुवातीला तीन-तीनदा चुकायचो. माझ्या प्रयोगशाळेतले मदतनीस एकदा सांगत होते की अमुक उपकरण पावसाळ्यात वेगळं रीडिंग देतं. मी "तसं काही नसतं" म्हणून मोकळा झालो. त्यांना म्हणायचं होतं की ज्या लाकडी फळीवर ते बसवलंय ती ओलाव्याने फुगते आणि उपकरण कलतं. लेव्हलचा बुडबुडा बघितला तर खरंच एका बाजूला गेला होता. एक वर्षभर मी ते ऐकूनच घेतलं नव्हतं, कारण ते बोलत होते ते शास्त्राच्या भाषेत नव्हतं.

यातूनच वागण्याचा मुद्दा येतो. ग्रीक शिक्षक इसोक्रेटिस नव्वदी उलटल्यावर लिहीत होता, तेव्हा त्याने सुशिक्षित कोणाला म्हणावं याची उजळणी केली. रोज समोर येणारे प्रसंग जे नीट हाताळतात, दुसऱ्याचा त्रासदायक स्वभावही समजुतीने सोसतात, सुखाच्या आहारी जात नाहीत, संकटात खचत नाहीत आणि यशाने बिघडत नाहीत, ते. विद्यांचं नाव त्या व्याख्येत नाही. मी इतका पुढे जाणार नाही, ज्ञान लागतंच. पण ज्याचं ज्ञान कनिष्ठाशी बोलताना, चूक कबूल करताना, हातातलं काम कोणी बघत नसताना दिसत नाही, त्याला मी सुशिक्षित म्हणू शकत नाही. दुरुस्तीचं पत्र न लिहिणारा मी त्या दिवशी सुशिक्षित नव्हतो, पदव्या असूनही.

तुमच्या वडिलांना मी ओळखत नाही, त्यामुळे हा अंदाज समजा. लोक त्यांच्याकडे जातात ते बहुधा त्यांना सगळं कळतं म्हणून नव्हे. "यातलं मला ठाऊक नाही, अमक्याला विचार" असं ते म्हणत असतील, आणि म्हणूनच "हे असं कर" म्हणतात तेव्हा त्यावर भरवसा ठेवता येत असेल. पुढच्या वेळी कोणी सल्ल्याला आलं की बाजूला बसून नुसतं ऐका. ते आधी किती प्रश्न विचारतात ते मोजा.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. जो माणूस दिवसाचे बारा तास राबतो, त्याला वाचन आणि चिंतन करा असं सांगणं सोपं आणि निर्दय आहे. त्याच्याकडे वेळ नाही, आणि हा दोष त्याचा नाही. जिथे "माहीत नाही" म्हटल्यावर माणसाची किंमत कमी होते, तिथे ते सगळ्यांसमोर म्हणू नका. एका विश्वासाच्या माणसासमोर सुरुवात करा. जिथे क्षणात निर्णय लागतो, तिथे शंका घेत बसणंही चूक. तिथे पडताळणी आधी आणि नंतर करायची. आणि प्रत्येक गोष्ट स्वतः तपासणं कोणालाच शक्य नाही. बहुतेक बाबतीत आपण जाणकारांवर विश्वासच ठेवतो. तो कोणावर आणि का ठेवला, हे माहीत असलं की पुरे. उलट, सगळ्यांवर संशय घेणारा माणूस मला बिलकूल सुशिक्षित वाटत नाही. त्यानेही तपासण्याचे कष्ट टाळलेलेच असतात.

सोबतीबद्दलही सांगतो. तुम्हाला "कशावरून?" असं प्रेमाने विचारणारं एक तरी माणूस हवं. हे एकट्याने होत नाही, निदान मला जमलं नाही. माझ्या बाबतीत ते काम एका सहकाऱ्याने वीस वर्षं केलं.

उशीर झालाय का? विजेवरच्या संशोधनासाठी गाजलेल्या मायकेल फॅरडेचं शालेय शिक्षण नावापुरतं होतं. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचू लागला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकून त्याने त्यांची टिपणं काढली, आकृत्यांसह नीट लिहून बांधली आणि डेव्हीलाच पाठवली. पुढच्या वर्षी त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत साहाय्यकाचं काम मिळालं. त्याची प्रतिभा बाजूला ठेवा, ती सगळ्यांकडे नसते. ऐकलेलं स्वतः उतरवायचं आणि जाणकाराच्या हाती तपासायला द्यायचं, एवढं त्याच्याकडून घ्या. त्याला ३१ हे वय आड येत नाही.

तर सुरुवात अशी करा. एक साधी वही घ्या. डाव्या पानावर त्या दिवशी तुम्ही ठामपणे केलेलं एखादं विधान लिहा आणि खाली, ते तुम्हाला कसं माहीत ते लिहा. उजवं पान कोरं ठेवा. त्या विधानाविरुद्ध काही दिसलं, वाचलं, कोणी सांगितलं, तर तारीख घालून तिथे नोंदवा. रात्री दहा मिनिटं पुरतात. पहिल्या महिन्यात उजवी पानं जवळजवळ रिकामी राहतील आणि तुम्हाला वाटेल, आपण बहुतेक बरोबरच असतो. तेव्हा थांबू नका. नजर तयार व्हायला माझ्या अनुभवात दोन-तीन महिने लागतात. आणि पान रिकामं दिसतं म्हणून काहीतरी भरायचं, असं मात्र करू नका. ते उत्तरावरून रीडिंग बनवण्यासारखं होईल.